सामाईक हाताची मीमांसा

अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगायच्या असतात : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. प्रस्तुत शास्त्राचा विषय म्हणजे नाट्यगृहात शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांमध्ये असणारा एकच हात. त्या हातावर कोपर कोणाचे, याचा निर्णय करणे हे प्रयोजन. आणि जाता जाता कलेत प्रेक्षकाचे स्थान काय, हेही सांगून टाकणे. या दोहोंचा संबंध असा, की दुसरा प्रश्न पहिल्यावाचून सुटत नाही. अधिकारी म्हणजे दोन कोपरे आणि एक तिकीट जवळ असलेला कोणीही. फुकट पासावर येणाऱ्यांना या शास्त्राचा अधिकार आहे की नाही, याबद्दल मतभेद आहेत. पण ते पहिल्या तीन रांगांत आधीच जाऊन बसलेले असल्यामुळे हा वाद केवळ तात्त्विक उरतो.

विषय

पुण्यात आम्ही काही जण एकत्र बसून तत्त्वज्ञान वाचतो. पद्धत सोपी आहे. एकाने परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग सगळ्यांनी गप्प बसायचे, मग सगळ्यांनी एकदम बोलायचे. पोहे साधारण दुसऱ्या आणि तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्ये येतात. छायाप्रती दोघांत एक अशा काढलेल्या असतात. सभासदांत एक निवृत्त स्थापत्य अभियंते, एक दिवाणी वकीलबाई, संस्कृतच्या एक निवृत्त शिक्षिका आणि नाट्यशास्त्राचा एक विद्यार्थी आहे. शिवाय एक गृहस्थ असे आहेत, की जे कधीही काहीही वाचून येत नाहीत. त्यांचा उल्लेख पुढे 'अपठित' असा येईल.

यंदा 'कलेत प्रेक्षकाचे काम काय' हा विषय घेतला. त्याला अनुभवाची जोड हवी, म्हणून सगळे मिळून एका तीन अंकी नाटकाला गेले. जागा एकाच रांगेत मिळाल्या. दुसऱ्या अंकात नायिका घर सोडून निघाली, त्या वेळी अभियंते आणि वकीलबाई यांच्यात एका लाकडी हातावरून जे मूक द्वंद्व झाले, ते आमच्या रांगेत रंगमंचावरच्या द्वंद्वापेक्षा अधिक मन लावून पाहिले गेले. पुढच्या बैठकीत पुस्तके उघडली ती या दृष्टीने.

संशय

अभियंत्यांनी गणित मांडले. रांगेत २० खुर्च्या असतील तर हात २१. माणसे २०, म्हणून कोपरे ४०. तूट १९. म्हणजे नाट्यगृहाची मूळ रचनाच अशी, की जवळजवळ निम्म्या कोपरांनी कलेचा आस्वाद अधांतरी घ्यावा. खुर्च्या कितीही असोत, तूट त्यांच्याहून एकाने कमी निघते. रांगेत खुर्ची एकच असेल तर तूट शून्य. हे शेवटचे उपसूत्र वाचकाने जपून ठेवावे. उत्तरपक्षात ते लागणार आहे.

हात कोणाचा, हा प्रश्न प्रथम कायद्याकडे गेला. वकीलबाईंनी वहिवाटीचा मुद्दा काढला. १८८२च्या इझमेंट कायद्याप्रमाणे सुविधेचा हक्क सिद्ध व्हायला २० वर्षांची अखंड, उघड आणि विनातक्रार वहिवाट लागते. संगीत नाटके पहाटेपर्यंत चालत, त्या सुवर्णकाळातही सगळे वन्स मोअर धरून एकाही प्रयोगाला ही मुदत गाठता आलेली नाही. शिवाय 'विनातक्रार' ही अट पुण्यात पुरी होणे अशक्य. म्हणून कायदा संपतो आणि तत्त्वज्ञान सुरू होते.

पूर्वपक्ष

पहिला दंडपक्ष. याचे दोन आचार्य, आणि दोघांची गाठ कधी पडलेली नाही. प्लेटो 'लॉज'च्या तिसऱ्या भागात हळहळतो, की पूर्वी जाणती माणसे शेवटपर्यंत निमूट ऐकत, पोरांना आणि जमावाला काठीने आवरले जाई. मग कवींनीच लोकांना बिघडवले, थिएटरातला जमाव ओरडून निकाल देऊ लागला आणि अथेन्समध्ये प्रेक्षकशाही माजली. इकडे 'नाट्यशास्त्रा'च्या पहिल्या अध्यायात जगातले पहिले नाटक इंद्रध्वजाच्या उत्सवात होते. कथानक दैत्यांच्या पराभवाचे, आणि प्रेक्षकांत दैत्य बसलेले. भावना दुखावल्याची ही आद्य नोंद. विरूपाक्षाला पुढे करून आलेल्या विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि पाठांतर गोठवून टाकले. तेव्हा इंद्राने ध्वजाचा दांडा उचलला आणि त्यांना झोडपून जर्जर केले. दांड्याचे नाव पुढे जर्जरच पडले. त्यानंतर ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगितले. क्रम ध्यानात घ्यावा : आधी प्रयोग, मग उपद्रवी प्रेक्षक, मग इमारत. प्रेक्षक शहाणे निघते तर नाट्यगृह ही वस्तूच उद्भवली नसती.

इमारतीचे तपशील भरताने बारकाईने दिले आहेत. मधल्या आकाराचे प्रेक्षागृह ६४ हस्त लांब आणि ३२ हस्त रुंद असावे. त्याहून मोठे केले तर आवाज पोचत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. आसने विटांची आणि लाकडाची, जिन्यासारखी चढत जाणारी असावीत. आसनाला टेकायला हात असावा, असे मात्र कुठेही नाही. येथे अभियंत्यांचा आवाज चढला. कारण एक हस्त म्हणजे २४ अंगुळे, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे माप. ज्या कोपरापासून सगळी वास्तू मोजली, त्या कोपरालाच वास्तूत जागा नाही! हा अन्याय त्यांना मुंबईतल्या पुनर्विकासाच्या प्रकल्पांची आठवण करून देणारा वाटला.

सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकाने द्यावयाच्या पावत्यांची यादी आहे. स्मित करावे, मोठ्याने हसावे, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे म्हणावे, अंगावर काटा आणावा, जागेवरून उठावे, वस्त्रे आणि अंगठ्या फेकाव्यात. या शेवटच्या कामाला कोपर मोकळे लागते, असे विद्यार्थ्याने सुचवले. त्याच अध्यायात प्रयोगाला होणारे घातही मोजले आहेत. वारा, आग, पाऊस, हत्ती, साप आणि मुंग्या येतात. प्रतिस्पर्धी शेण, ढेकळे आणि पुन्हा मुंग्या टाकतात. मुंग्या दोनदा आल्या. शेजारी एकदाही आला नाही. भरतमुनींना हत्तीची चिंता होती, शेजारच्या खुर्चीवरच्या काकांची नव्हती. म्हणून दंडपक्ष अपुरा.

दुसरा निरपेक्षपक्ष. इमान्युएल कांटने १७९०मध्ये तिसरी मीमांसा प्रसिद्ध केली. तिचे म्हणणे, की सौंदर्याचा निर्णय देणाऱ्याला वस्तू हवी की नको, ती असली काय नि नसली काय, याच्याशी कर्तव्य नसावे. उदाहरणादाखल त्याने एक इरोक्वाय सरदार आणला आहे, ज्याला सबंध पॅरिसमध्ये खानावळींहून अधिक काही आवडले नाही. कांटच्या लेखी हा सरदार रसिकतेच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. अपठितांना मात्र तो पहिल्याच भेटीत जवळचा वाटला. नाटक कसे होते, असे विचारल्यावर मध्यंतरातला बटाटेवडा चांगला होता, असे प्रामाणिक उत्तर देणारी माणसे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि नाटके त्यांच्याच तिकिटांवर चालतात.

निरपेक्षपक्षातला खरा दोष असा : हाताच्या अस्तित्वाबद्दल निरपेक्ष राहणे ज्याला साधते, त्याचा हात शेजाऱ्याने केव्हाच घेतलेला असतो. कांटला याची अंधूक कल्पना असावी. चाळिसाव्या परिच्छेदात तो म्हणतो, की माणसाने स्वतःला प्रत्येक दुसऱ्याच्या जागी ठेवून विचार करावा. वकीलबाईंनी हे शब्दशः घेतले. दुसऱ्या अंकात त्या तेच तर करत होत्या.

तिसरा अंतरपक्ष. एडवर्ड बुलोने १९१२च्या लेखात मानसिक अंतराची कल्पना मांडली. समुद्रात धुके पडले तर प्रवासी घाबरतो. पण भीती क्षणभर बाजूला ठेवली तर तेच धुके विलक्षण सुंदर दिसते. अंतर सुटले की कला सुटते. 'ऑथेल्लो' पाहायला आलेला संशयी नवरा ऑथेल्लो पाहतच नाही, स्वतःचे घर पाहतो. देवलांच्या 'झुंझारराव'च्या प्रयोगांनाही असे नवरे येऊन बसले असणारच. बुलोचे म्हणणे पटण्याजोगे आहे, पण त्याने अंतराचे एकक दिले नाही, ही गोष्ट अभियंत्यांच्या मते अक्षम्य आहे. त्यांनी वादातला हात स्वतः पट्टीने मोजला : रुंदी दोन इंच. दोन माणसांनी दोन इंचांत एकमेकांपासून आणि वर नायिकेपासूनही योग्य ते मानसिक अंतर कसे राखायचे, हे बुलो सांगत नाही.

चौथा सहकर्तृपक्ष. १९५७मध्ये ह्यूस्टन येथे मार्सेल द्युशाँने सांगितले, की कलाकृती कलावंत एकटा पुरी करत नाही. पाहणारा तिचा अर्थ लावून आपला वाटा घालतो. झाक राँसिएरने २००८च्या 'मुक्त प्रेक्षक' या पुस्तकात आणखी पुढची पायरी गाठली. पाहणे म्हणजे काही न करणे, ही समजूतच चुकीची. बसलेला माणूस निवडतो, जुळवतो, ताडून पाहतो, आपले वेगळे नाटक रचतो. राँसिएरला हे सुचले ते झोझेफ जाकोतोवरून. १८१८मध्ये लूवेनला आलेल्या या फ्रेंच अध्यापकाला फ्लेमिश येत नव्हते आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना फ्रेंच. त्याने 'तेलेमाक'ची द्विभाषिक आवृत्ती हातात दिली आणि मुले आपली आपण फ्रेंच शिकली. शिकवणाऱ्याला समजावून सांगावेच लागते असे नाही, हा त्याचा निष्कर्ष. "म्हणजे मी न वाचता येतो ते बरोबरच की!" असे अपठित म्हणाले. जाकोतोच्या मुलांनी निदान पुस्तक उघडले होते, हे शिक्षिकाबाईंनी त्यांच्या निदर्शनास आणले.

सहकर्तृपक्ष उदार आहे, पण त्याने तंटा वाढतो. प्रेक्षक केवळ पाहुणा असता तर पडेल त्या जागी बसला असता. तो निर्माता ठरला की निर्मितीला ऐसपैस जागा मागतो.

उत्तरपक्ष

आता शिक्षिकाबाईंनी सूत्रे हाती घेतली. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत : दाखवलेले संभवनीयच न वाटणे, हे माझे की दुसऱ्याचे, आत्ताचे की तेव्हाचे, यात अडकणे, स्वतःच्या सुखदुःखात बुडालेले असणे, कळण्याची साधने अधू असणे, स्पष्टता नसणे, मुख्य गोष्ट मुख्य न राहणे, आणि संशय. प्रश्न असा, की कोपर हे आठवे विघ्न मानायचे, की सातांतच बसवायचे?

विद्यार्थ्याला आठवे हवे होते. त्याला प्रबंध लिहायचा आहे. पण शास्त्रात लाघव श्रेष्ठ. असलेल्या कप्प्यात मावते त्याला नवा कप्पा करू नये. मग कप्पा दुसरा की तिसरा, यावर पोहे संपले तरी चर्चा संपेना. कोपर म्हणते, 'हा मी, हा तो, ही एफ रांग, ही बारा नंबरची खुर्ची' : म्हणून दुसरे विघ्न. कोपर म्हणते, 'दुखतंय' : म्हणून तिसरे. तोड अशी निघाली, की झुंज चालू असेपर्यंत दुसरे आणि हरल्यानंतर तिसरे. तिसऱ्यावर अभिनवगुप्ताने उपायही दिला आहे : गाणे, वाद्ये, सुशोभित मंडप आणि चतुर गणिका. आजच्या निर्मात्याला यांतले गाणे तेवढे परवडते, तेही ध्वनिमुद्रित.

मग शिक्षिकाबाईंनी मम्मट काढला. 'काव्यप्रकाशा'त तो म्हणतो, की रसानुभवात समोरचे भाव माझेच, शत्रूचेच किंवा तटस्थाचेच असे ठरत नाहीत. आणि माझे नव्हेतच, शत्रूचे नव्हेतच, तटस्थाचे नव्हेतच, असेही ठरत नाही. यालाच साधारणीकरण म्हणतात. हे ऐकताच सभा स्तब्ध झाली. मम्मटाने हे भावांबद्दल लिहिले खरे, पण सबंध नाट्यगृहात हाताने चाचपून पाहता येईल अशी एकच वस्तू या लक्षणात बसते. मी म्हणजे मी, शत्रू म्हणजे शेजारी, आणि तटस्थ म्हणजे जिच्या मालकीची खुर्ची आहे ती महानगरपालिका. हात या तिघांपैकी कोणाचाही नाही आणि कोणाचा नाही असेही नाही.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये सांगितलेली लयतत्त्वेही येथे लागू पडतात. दोघेही एकदम 'घ्या, घ्या' म्हणत कोपर मागे घेतात तो संवाद. एकाचे टेकलेले आणि दुसऱ्याचे लोंबते तो विरोध. एकाचे हाताच्या पुढच्या अर्ध्या भागावर आणि दुसऱ्याचे मागच्या अर्ध्यावर, तो समतोल. मर्ढेकरांनी ही तत्त्वे कलाकृतीच्या रचनेसाठी मांडली. ती रांगेतही सापडतात, हा त्यांच्या उपपत्तीचा विजयच मानला पाहिजे.

परंतु खरा तोडगा निघाला तो 'तंत्रालोका'तून. अभिनवगुप्तच तेथे सांगतो, की देहाने वेगळ्या पडलेल्या जाणिवा गाण्याबजावण्याच्या मेळाव्यात एकमेकींत प्रतिबिंबित होतात, फैलावतात आणि एक होतात. मात्र त्यात न मिसळणारा एखादा बसला असेल तर सगळ्यांचाच आनंद मोडतो, म्हणून त्याला दूर ठेवावे. आम्ही धुंडाळलेल्या आचार्यांत शेजारी नीट दिसला तो या एकाला. कांटचा रसिक, बुलोचा प्रवासी, द्युशाँचा पाहणारा आणि पाठ्यपुस्तकातला सहृदय हे सगळे एका खुर्चीच्या रांगेत बसलेले आहेत. वर दिलेले उपसूत्र आठवावे : तेथे तूट शून्य असते. म्हणूनच त्यांच्या शास्त्रांत कोपर येत नाही, आणि म्हणूनच तो प्रेक्षक कोणत्याही नाट्यगृहात सापडत नाही.

निर्णय

विद्यार्थ्याने एक निरीक्षण सभेपुढे ठेवले. तिसऱ्या अंकात बापलेकीची भेट होते, तेव्हा त्याने मुद्दाम शेजारी पाहिले. वादग्रस्त हातावर दोन्ही कोपरे एकमेकांना चिकटून पडली होती आणि दोन्ही मालकांना त्याचा पत्ता नव्हता. दोघांनीही नंतर हे साफ नाकारले. त्यामुळे निरीक्षण अधिकच विश्वसनीय ठरते. विद्यार्थ्याचा मात्र तो प्रवेश हुकला. संशोधकाला रस मिळत नाही, हा नियम जुनाच आहे.

यावरून निर्णय असा. कोपर कोणाचे, हा प्रश्न ज्या वेळी रांगेत कोणालाच पडत नाही, त्या वेळी नाटक चालू आहे असे समजावे. एरवी नुसता प्रयोग चालू असतो. कोपरांची झुंज आणि नाटकाची प्रत यांचे प्रमाण व्यस्त असते. समीक्षकांनी रंगमंचाकडे न पाहता रांगेकडे पाहून लिहिले तरी परीक्षण फारसे बिघडणार नाही; काहींच्या बाबतीत सुधारेल.

अव्याप्तीचा आक्षेप येईल, की जाजमावर हात नसतो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात १९५३पासून माणसे भारतीय बैठकीवर बसून ऐकत आली आहेत. तेथे कोपराचे काम गुडघा करतो. पहिल्या रागाला 'जरा सरकता का' असे म्हणणारा गृहस्थ रात्री तुमच्या मांडीवर ताल धरतो. लक्षण तंतोतंत जुळते.

उलट बाजूही तपासली. घरी सोफ्यावर एकटा बसून मोबाइलवर नाटक पाहणाऱ्याला दोन्ही हात मिळतात, तूट नाही, विघ्न नाही. पण ज्या वाक्याला नाट्यगृह कोसळते, त्या वाक्याला तो नाकातून थोडीशी हवा सोडतो. पोट धरून हसायला आपल्याआधी कोणीतरी हसलेला असावा लागतो, आणि रडायला, आपण रडताना ज्याच्यापासून तोंड लपवायचे असा कोणीतरी. वाचनाचेही तसेच. एकट्याने वाचलेला कांट फार लवकर कळतो, कारण 'थांबा, हे मला नाही कळलं' असे म्हणून पान अडवून धरणारे कोणी नसते. आमच्या मंडळात ते काम अपठित करतात. दोघांत एक प्रत असल्यामुळे शेजाऱ्याचे बोट त्याच ओळीवर अडते आणि आपल्यालाही तेथेच थांबावे लागते. कलेतला प्रेक्षक शोधायला आम्ही इतकी पुस्तके काढली; तो एका प्रतीवर झुकलेल्या दोन डोक्यांत आधीपासूनच होता.

विनियोग

अभियंत्यांनी उपाय सुचवला. प्रत्येकाने फक्त उजवीकडचा हात घ्यावा. २० जणांना २० हात मिळतात, डाव्या टोकाचा एक उरतो. तो त्या टोकाला बसणाऱ्या समीक्षकाला द्यावा. समीक्षक टोकालाच बसतो, कारण त्याला दुसऱ्या अंकानंतर निघायचे असते. गणिती दृष्टीने या योजनेत खोट नाही आणि म्हणूनच ती एकमताने फेटाळण्यात आली. एकेकाला एकेक हात वाटून दिला की २० खुर्च्यांची एक रांग मोडते आणि एका खुर्चीच्या २० रांगा तयार होतात. मग पुन्हा कांट. तूट १९ आहे, ती तशीच राहू द्यावी. ठेकेदारांनीही भविष्यात नाट्यगृहांचे नूतनीकरण करताना खुर्चीला स्वतंत्र दोन हात बसवू नयेत. पैसे वाचतील, एवढे कारण त्यांना पटायला पुरेसे आहे.

फलश्रुती

जो हे शास्त्र नाटकापूर्वी वाचील त्याला सुट्टे पैसे मागणारा तिकीटवाला भेटणार नाही. जो मध्यंतरात वाचील त्याला वडा गरम मिळेल. जो शेजाऱ्याला वाचायला देईल त्याला हाताचा पुढचा अर्धा भाग मिळेल, मागचा अर्धा शेजाऱ्याने वाचून होईपर्यंत. आणि जो अंक चालू असताना मोबाइलच्या उजेडात हे वाचील, त्याच्यासाठी इंद्राकडे तो दांडा अजून शिल्लक आहे.